सीटखालचं मीठ

बरणीत कैऱ्यांचा दुसरा थर बसला होता. त्यावर मीठ पसरायला अनिताने मूठ भरली, तेवढ्यात अंगणातून हाक आली.

"अगो, टॉर्च घेऊन ये जरा! आणि लगेच ये, माझी मान अडकलीय."

खारातल्या कैऱ्यांचं काम मध्येच सोडू नये, हे तिला कळत होतं. पण नवरा हाक मारतो तेव्हा त्याची मान खरोखरच कुठेतरी अडकलेली असते, हेही गेल्या तीन महिन्यांत तिला कळून चुकलं होतं. मूठभर मीठ तिने परत पिशवीत सोडलं, बरणीवर ताट झाकलं आणि टॉर्च घेऊन पायऱ्या उतरली.

अंगणात शेवग्याखाली निळी मारुती उभी होती. उभी म्हणजे लाकडी ठोकळ्यांवर. चाकं कुंपणाला टेकवलेली, पुढच्या दोन्ही सीटा तुळशीजवळ शेजारी शेजारी मांडलेल्या, जणू नवराबायको दोघं कुणाची तरी वाट बघत बसलीत. प्रवीणचे पाय दाराबाहेर होते आणि उरलेला प्रवीण गाडीत. अनिताने आधारासाठी दाराच्या पत्र्यावर हात टेकला.

"हात धुतलेस?" आतून आवाज आला. "कैऱ्या भरत होतीस ना? मिठाचे हात पत्र्याला लावू नको. कालच घासून उघडा केलाय तो."

"एवढ्याशा मिठानं काय होतंय?"

"खाडीकाठची पोर तू, आणि मला विचारतेस?"

तिने हात पदराला पुसला. त्या वेळी तिला त्या बोलण्याचं काहीच वाटलं नाही.

ही गाडी त्यांच्या घरात आली तेव्हा आधीच कुणीतरी पाच वर्षं वापरलेली होती. प्रवीण रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. पेणहून एसटीने जायचा तेव्हा कधी गाडी चुकायची, कधी शिफ्ट. मग ही मारुती आली. वीस वर्षं तिने त्याला नेलं आणि आणलं. भाविकाला कॉलेजला सोडलं, अनिताच्या सासऱ्यांना दवाखान्यात नेलं, दर भाद्रपदात गणपती नेले. मागच्या वर्षी प्रवीण रिटायर झाला. त्या दिवशी कंपनीने शाल, नारळ आणि घड्याळ दिलं, आणि घरी येऊन तो म्हणाला, "आता गाडी करायला घेतो."

पनवेलला सासरी असलेल्या भाविकाने फोनवर कपाळाला हात लावला असणार. "बाबा, भंगारात द्या आता. पासिंग पण ऑगस्टात संपतंय."

"पासिंग संपतंय म्हणून तर करायची. ह्या गाडीनं मला एकदा पण वाटेत टाकला नाय. मी तिला टाकू?"

फेब्रुवारीत गाडी ठोकळ्यांवर चढली आणि घराचं गॅरेज झालं. अनिताची पितळी परात नटबोल्ट रॉकेलमध्ये भिजत घालायला गेली. दात घासायचे जुने ब्रश कार्बोरेटर घासायला गेले. देवघरातली वातीची काडेपेटीसुद्धा एकदा गाडीच्या बॉनेटवर सापडली, तेव्हा मात्र ती बोलली. तरी मनातून तिला बरं वाटत होतं. दुपारच्या वेळी पोथी झाल्यावर तीही मशीन घेऊन बसायची. सीटांना तपकिरी रेक्झिनची कव्हरं तिनेच शिवली होती, कडेला दुहेरी शिवण घालून. शिफ्टवाल्या माणसाच्या बायकोला नवऱ्याबरोबर एकाच कामात बसायला मिळतं ते साठीनंतर, तर मिळतंय ते घ्यावं.

"आता इथं धर," प्रवीण म्हणाला. "ड्रायव्हरच्या सीटखाली. बघ. बघितलीस कामगिरी?"

रबरी मॅट आणि तिच्याखालचा नमदा त्याने उचकटून काढला होता. खाली पत्रा होता, आणि मध्येच पत्रा नव्हता. ताटाएवढं भोक. कडेचा पत्रा पापडासारखा पदरापदराने सुटत होता. भोकातून अंगणातला शेवग्याचा पाला दिसत होता.

"त्या डेंटर जगन्याचं काम हे," प्रवीण म्हणाला. त्याचा आवाज नुसता कडू नव्हता, थोडा खूशही होता. इतक्या वर्षांनी पुरावा हाती लागला होता. "बाकी बघ, ओरिजिनल पत्रा पंचवीस वर्षं झाली तरी टणक. शेजारच्या सीटखाली बघ, नख पण लागत नाय. आणि ह्यानं लावलेला तेवढा सडला. डब्याचा पत्रा लावला होता भाड्यानं. मी तेव्हाच बोललो होतो."

त्याने स्क्रू-ड्रायव्हरने कडेचा एक पदर उचलला. त्याला काहीतरी चिकटलेलं होतं. ओढून काढलं तर एक तांबूस, कडक झालेली चिंधी.

"ही कशाची चिंधी गो?"

प्रवीणची नजर भोकातच होती, त्यामुळे तिचा चेहरा त्याला दिसला नाही, ही देवाची कृपा. चिंधीला तीन गाठी होत्या. खणाची जर काळी पडून कडेला उरली होती.

"असेल... तुमचंच पुसायचं फडकं असेल," ती म्हणाली.

प्रवीणने चिंधी बाहेर फेकली आणि खिशातून मोबाईल काढून भोकाचा फोटो घेतला.

ती चिंधी फडकं नव्हती. ती तिच्या स्वतःच्या हातची पुरचुंडी होती.

अनिताचं माहेर कासू स्टेशनाच्या पलीकडे, खाडीकाठी. आईबाप दोघंही मिठागरावर. हंगामाची पहिली रास निघाली की तिची आई, धोंडुबाई, त्यातलं ओंजळभर मीठ बाजूला काढायची. ते मीठ विकायचं नाही, जेवणात घालायचं नाही. लाल खणात तीन गाठी मारून ते दृष्टीसाठी ठेवायचं. पाळण्याखाली, दाराच्या चौकटीवर, बापाच्या होडीत. पावसाळा सरला की बघायचं. मीठ सुटून पाणी झालं असेल तर समजायचं की दृष्ट लागली होती, ती मिठाने घेतली. फडकं खाडीत सोडायचं आणि पुढच्या हंगामाला नवीन बांधायचं.

मारुती आली त्या वर्षी धोंडुबाई मुद्दाम पेणला आली. गाडीभोवती एक फेरी मारली, काचेतून आत बघितलं आणि पदरातली पुरचुंडी काढून लेकीच्या हातात दिली. "जावई बसतो त्याच्या बुडाखाली ठेव गो. गाडी चांगली हाय, लोक बघनारच. आन त्याला सांगू नको. सांगितलं का गुण जातो."

त्याच पावसाळ्यात नागोठण्याच्या वळणावर एक टँकर गाडीला घासून गेला. आरसा तुटला, प्रवीणला ओरखडासुद्धा आला नाही. दसऱ्याला अनिताने सीटखालच्या मॅटखाली हात घालून चिंधी काढली. मीठ सगळं गेलेलं होतं. चिंधीला लालसर रंग चढला होता. तिने आईला दाखवली. धोंडुबाई म्हणाली, "बघितलंस? केवढी मोठी दृष्ट व्हती." अनिताचे डोळे भरून आले होते. तिने ती चिंधी कपाळाला लावली होती.

मग दर पाडव्याला नवीन पुरचुंडी. दर दसऱ्याला रिकामी, तांबूस चिंधी. सीटखाली हात घातला की बोटांना तपकिरी चुरा लागायचा, तोही तिला त्या दृष्टीचाच वाटायचा. आईच्या माघारीही तिने मोडलं नाही, माहेरी जाऊन मीठ आणायची. ज्या वर्षी प्रवीण आणि जगन यांचं फाटलं त्या वर्षी तर तिला खात्रीच पटली की घराला कुणाची तरी नजर लागलीय, आणि पुढच्या पाडव्याला तिने दोन पुरचुंड्या ठेवल्या. यंदा फेब्रुवारीतच गाडी ठोकळ्यांवर चढली म्हणून नवीन बांधायची राहिली. आणि मागच्या दसऱ्याला गुडघा दुखत होता, म्हणून जुनी काढायचीही.

मिठागरावर लोखंड टिकत नाही हे अनिताला तिसरीत असल्यापासून माहीत होतं. त्यांच्या घराच्या बिजागऱ्या दर दोन वर्षांनी झडायच्या. बापाच्या फावड्याचं पातं खाऊन खाऊन चमच्याएवढं व्हायचं. बादलीची कडी एके दिवशी नुसती हातात यायची. हे सगळं तिने रोज बघितलं होतं. पण ते मीठ वेगळं आणि आईच्या हातचं, तीन गाठी मारलेलं मीठ वेगळं. ती दोन मिठं एकच आहेत, हे तिच्या मनात वीस वर्षांत एकदाही आलं नव्हतं.

संध्याकाळी दिवा लावताना तिच्या हातून वात दोनदा विझली. बाहेर झोपाळ्यावर प्रवीण मोबाईल बघून हसत होता.

"ग्रुपवर टाकला फोटो. कंपनीतल्या सगळ्यांच्या. खाली लिहिलं, जगनशेठची कलाकुसर. धनेश म्हणतो, बरं झालं माझी गाडी दिली नाय त्याच्याकडं. बघ, सगळे काय काय लिहितायत."

तिने बघितलं नाही. देव्हाऱ्यासमोर बसून पोथी उघडली, तीच ओवी चार वेळा वाचली आणि पोथी मिटली.

जगन म्हणजे अष्टमी गावचा डेंटर, गाड्यांचे पत्रे ठोकणारा. रोह्याहून पूल ओलांडला की त्याचं पत्र्याचं गॅरेज. प्रवीणची शिफ्ट सुटली की गाडी तिथं थांबायची, दोघं चहा घ्यायचे. जगन त्याला दादा म्हणायचा, तिला वैनी. त्याच्या घरचा गणपती पेणहून यायचा आणि तो आणायचा मान ह्या मारुतीचा होता. आदल्या दिवशी जगन पेणला यायचा, अनिताच्या हातचं जेवायचा, मग मूर्ती मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसायचा आणि पूर्ण रस्ताभर प्रवीणला ओरडायचा, "दादा, खड्डा! दादा, देव हाय मांडीवर, बारदान नाय!"

तेरा वर्षांपूर्वी सीटखालचा पत्रा पहिल्यांदा गेला, तेव्हा तो जगननेच बदलला होता. चार पावसाळ्यांत नवीन पत्राही गेला. पावसात गाडी चालवताना प्रवीणच्या चपला भिजायला लागल्या. तो तसाच अष्टमीला गेला आणि भर गॅरेजमध्ये, दहा गिऱ्हाइकं उभी असताना, जगनला बोलला. डब्याचा पत्रा लावून मित्राला फसवलंस, म्हणाला. ह्यापेक्षा भीक माग, म्हणाला. जगन एवढंच म्हणाला होता, "दादा, पत्रा चांगला व्हता." त्यानंतर बोलणं बंद. प्रवीणने पेणमध्येच कुणाकडून तरी खालून एक पट्टी ठोकून घेतली आणि ती झडेपर्यंत वर्षं ढकलली. भाविकाच्या लग्नाची पत्रिका अष्टमीला गेली नाही. गणपती आणायला जगन पुन्हा आला नाही. हळूहळू कानावर आलं की गिऱ्हाइकं तुटली, मग गॅरेज बंद झालं. प्रवीण तेव्हा म्हणाला होता, "करावं तसं भरावं लागतं." आणि अनिता, देवाला रोज दिवा लावणारी अनिता, मान हलवून "हो ना" म्हणाली होती. आता त्या "हो ना"ची तिला लाज वाटत होती.

सकाळी प्रवीण म्हणाला, "परवा वेल्डिंगवाला येतोय. मी नवीन पत्रा कापून ठेवतो."

"मी जरा रोह्याला जाऊन येते," ती म्हणाली. "एक नवस आहे."

हे खोटं होतं, पण तोंडातून निघताना तितकंसं खोटं वाटलं नाही.

अष्टमीच्या त्या गल्लीत गॅरेजच्या जागी आता मोबाईलचं दुकान होतं. मागच्या घराच्या ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत जगन बसला होता आणि डाव्या हाताने लसूण सोलत होता. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. लकवा मारला होता, हे अनिताला तिथं बघूनच कळलं. तोंडाची उजवी बाजू थोडी उतरली होती. तरी तिला बघून तो हसला, अर्ध्या तोंडाने.

"वैनी! या, या. गिरजे, पानी आन. पेणच्या वैनी आल्यात."

आतून गिरजाबाई दारात आली. लुगड्याचा पदर खोचलेला, हाताला पीठ. तिने अनिताला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"वाट चुकलाव काय वैनी? का ह्यो पण पत्रा सडला?"

"गिरजे, पानी आन म्हटलं ना."

"आनते. आमचं पानी चालंल ना, इचारा त्यांना. आमचं सगळं हलकं असतं."

ती आत गेली. अनिता ओट्याच्या कडेला बसली. घरून निघताना काय बोलायचं ते तिने मनात नीट रचलं होतं, त्यातलं काही उरलं नाही. तिने पिशवीतून ती चिंधी काढली. काल कचऱ्यातून उचलून आणली होती. ती लसणाच्या सालांशेजारी ठेवली.

जगनने चिंधीकडे बघितलं. लसूण सोलणारं बोट थांबलं.

"आजून ठेवताव?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"लाल खण. तीन गाठी. पयल्या येळंला सीट काढली तवाच घावली मला, वैनी. चिंधी जिभंला लावून बघितली. म्हटलं, हे मिठागराचं जाडं मीठ."

अनिताने चिंधी परत हातात घेतली. "मग बोलला का नाहीत, भाऊजी?"

"बोललो की. आठवा. गाडी न्यायला दोघं आला होताव. मी म्हटलं, वैनी, सीटखाली ओलं काय ठेवत जाऊ नका. तर तुम्ही हसलाव. म्हटलाव, भाऊजी, मी काय मासळीची टोपली ठेवते काय हो सीटखाली?"

तिला आठवलं. ते वाक्य, ते हसणं, जगनचं मान खाली घालून हात पुसणं, सगळं जसंच्या तसं आठवलं.

"सरळ नाव घेऊन सांगायचं होतंत."

"तुमच्या आईला जाऊन महिना नव्हता झाला. त्यांच्या हातचं मीठ ते. मी कोन काढा म्हननारा? म्हटलं, कळंल वैनींना आपसूक."

"आणि हे इथं येऊन बोलले त्या दिवशी?"

जगनने लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "दादा तापलेला व्हता. मी म्हटलं असतं, दादा, पत्र्याचा दोष नाय, घरातलं मीठ हाय, तर तो तसाच घरी आला असता. तुम्हाला बोलला असता. तुमच्या गेलेल्या आईला बोलला असता, आन ती तर उत्तर द्यायला पन नाय. मला बोलला तर मी खातो. म्हटलं, आठ दिवसात निवंल." त्याने दुसरी पाकळी उचलली. "निवला नाय."

दारात भांडं आपटलं. गिरजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, आणि किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"म्हंजे तुम्हाला ठावं व्हतं?"

"गिरजे..."

"गिरजे काय? लोक तोंडावर म्हनायचे, जगन डब्याचा पत्रा लावतो. मी ह्याच दारात ऐकलं. आन मी सोता तुम्हाला इचारलं, देवासमोर बसवून इचारलं, खरं सांगा, लावला काय हलका पत्रा? तवा पन गप! मी समजले लावलाच असेल. नऊ वर्षं मी ह्या माणसाला मनात चोर म्हनत आले, वैनी. लकवा मारला तवा पन माझ्या मनात आलं, देवानं दाखवलं."

तिने तांब्या अनिताच्या समोर ठेवला नाही, हातातच धरून राहिली. मग पदराने डोळे पुसायला गेली तर पीठच डोळ्याला लागलं, आणि ती आणखी चिडली.

"चूक माझी आहे," अनिता म्हणाली. "भाऊजींची नाही."

"चूक कुनाची ते मला नका सांगू. वेल्डिंगचं मशीन भंगारात गेलं, हात गेला. आता माफी कुठल्या हाताला देताव?"

पुलावरून एसटी गेल्याचा आवाज आला. मग जगनने हळूच विचारलं, "दादा काय करतोय गाडीचं?"

"पत्रा लावतोय नवीन. परवा वेल्डिंग आहे."

"थांबवा!" तो खुर्चीत पुढे झुकला, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदाच तो जुना जगन दिसला. "अजाबात लावू नका म्हनावं. खार आत शिरलेला असतो, सांध्यात, पट्टीच्या आत. तो तसाच ठेवून वर काय पन लावा, जाईल. आधी गोड्या पान्यानं धुवा. धुवा म्हंजे दोन दिवस धुवा. खालनं गळंल ते जिभंवर घ्या. खारट लागायचं थांबलं का कडक ऊन द्या, मग पत्रा. अठरा गेज जाडीचा घ्यायला सांगा." मग त्याला काहीतरी सुचलं. "दादानं इचारलं का धुवायचं, तर सांगा, मेकॅनिक म्हनाला खाडीचा वारा लागलाय."

"आजून घाला पांघरूण!" गिरजाबाई म्हणाली.

"नाही भाऊजी," अनिता उठली. "ते मी सांगेन."

निघताना गिरजाबाई तिच्या मागोमाग गल्लीच्या तोंडापर्यंत आली. तिथं उभं राहून, मोबाईलच्या दुकानाकडे बोट करून म्हणाली, "हितं बोलला व्हता तुमचा नवरा. हितंच येऊन बोलायचं त्यानं. घरात बसून, चहा पिऊन नाय. हितं. उभं राहून."

"येतील," अनिता म्हणाली. पण तिला स्वतःलाच खात्री नव्हती.

दुपारी ती घरी पोचली तेव्हा प्रवीण अंगणात नवीन पत्रा कापत बसला होता. तिने पायातली चप्पलही काढली नाही. तशीच त्याच्यासमोर, तुळशीजवळच्या सुट्या सीटवर बसली आणि सांगितलं. आईपासून सुरू केलं आणि जगनच्या हातापर्यंत आली. मध्ये कुठं थांबली नाही. थांबली असती तर पुढचं आलंच नसतं.

प्रवीणने कात्री खाली ठेवली.

"आणि ह्यानं मला सांगायला नको?" तो पहिल्यांदा म्हणाला ते हेच. "मी दहा माणसांत एवढं बोललो, आणि हा शहाणा तोंड शिवून उभा? सांगितलं असतं तर आज..." त्याने पत्र्याला लाथ मारली. "आणि तू! वीस वर्षं माझ्या बुडाखाली मीठ? तुझ्या आईनं तरी..."

तो तिथंच थांबला. अनिता त्याच्याकडे बघत होती. हेच ते वाक्य होतं. हे तिला ऐकावं लागू नये म्हणून अष्टमीला एक माणूस नऊ वर्षं चोर होऊन बसला होता. प्रवीणच्याही ते लक्षात आलं असावं, कारण पुढचं वाक्य त्याने गिळलं आणि दुसऱ्या सीटवर तिच्या शेजारी येऊन बसला.

मग म्हणाला, "हात उजवा?"

"उजवा."

त्याने खिशातून मोबाईल काढला. ग्रुप उघडला, फोटोवर बोट दाबून धरलं. आता पुसून काय उपयोग, तो कालच सगळ्यांनी बघितला होता. मग खाली लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी काय लिहिलं ते त्याने दाखवलं नाही आणि तिने विचारलं नाही. पण त्यानंतर दिवसभर मोबाईल एकदाही वाजला नाही. भोकाच्या फोटोवर तीस जण हसले होते, ह्यावर एकही बोलला नाही.

वेल्डिंगवाल्याला त्याने फोन करून नको म्हणून सांगितलं.

दोन दिवस त्यांनी गाडी धुतली. तो बादलीने पाणी घालायचा, तांब्यातांब्याने, सांध्यासांध्यात. ती दुखऱ्या गुडघ्यावर खाली वाकून, गाडीखाली हात घालून, गळणारा थेंब बोटावर घ्यायची आणि जिभेला लावायची.

"खारट."

पुन्हा पाणी.

"अजून?"

"अजून."

थेंबात लोखंडाची तुरट चव होती, मातीची होती, आणि त्या सगळ्याखाली मिठाची. ती चव तिला जन्मापासून ओळखीची होती. आईच्या हाताला तीच होती. पहिल्या दिवशी प्रत्येक थेंबाला तिला वाटायचं, आईचं एवढं मीठ इथंच राहिलं, दृष्ट घ्यायला गेलं ते कुठंच गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तसं वाटायचं थांबलं. नुसती चव बघत राहिली. एकदा प्रवीण म्हणाला, "टँकरच्या वेळी मात्र वाचलो होतो गो मी." त्याने ते तिच्यासाठी म्हटलं होतं. देवाने वाचवलं होतं, ह्यात तिला आजही शंका नव्हती. फक्त मिठाचं काय ते तिला आता सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना ती म्हणाली, "गोडं."

"नक्की?"

"मिठागरातली जीभ आहे."

त्याने बादली पालथी घातली. हात रॉकेलने पुसले. मग गाडीकडे बघतच विचारलं, "गिरजा नक्की काय म्हणाली?"

"तिथंच बोलायचं म्हणाली. गल्लीत. उभं राहून."

"ऐकायला कोण असणार आता तिथं? त्या दिवशीचं एक गिऱ्हाईक नाय राह्यलं. मोबाईलवाल्याला काय कळणार?"

"तिला कळेल."

"हो," तो म्हणाला. मग बादली उचलत, "गाडी झाल्यावर गेलो असतो. गाडीनं. त्यालाच दाखवली असती."

"गाडीला अजून महिना लागेल."

कापून ठेवलेला पत्रा उचलून त्याने कडेला, रात्रीचं दव नको म्हणून, पडवीत नेऊन ठेवला.

अनिता स्वयंपाकघरात आली. ओट्यावर ताट झाकलेली बरणी तशीच होती. तिने ताट काढलं. वरच्या थराला मीठ कमी पडलं होतं. कैऱ्या मऊ पडून त्यांच्यावर पांढरी बुरशी धरली होती, आणि वास खालपर्यंत गेला होता. वरचा थर काढून खालचा वाचतो का बघावं म्हणून तिने चमचा घातला, मग राहू दिलं. बरणी मागच्या दारी नेली, केळीच्या बुंध्याशी रिकामी केली, धुतली आणि पालथी ठेवली.

मग तिने प्रवीणचा पांढरा शर्ट इस्त्रीला काढला. सकाळी त्याला घेऊन आठच्या रोहा एसटीने अष्टमीला जायचं होतं.